हातभर खोल भुई

सर्जेरावांची उंची पाच फूट दोन इंच. बायको कौसल्या त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्नात गावच्या, म्हणजे आष्टीच्या पोरांनी लई चेष्टा केल्ती, "नवरदेवाला पाटावर उभा करा" म्हणून. पोरगा भागवत मायच्या वळणावर गेला, सहा फुटांच्या वर. आणि घर माळवदाचं, लाकडी तुळयांवर मातीचं छत. मधली तुळई इतकी खाली, की भागवत आला की टाळकं आपटलंच समजा.

कौसल्याबाईला जाऊन तीन वर्षं झाली. सर्जेरावांची शाळेतली शिपायाची नोकरी त्याच्या आधीच संपलेली. सर्जेराव सकाळी दोन भाकरी थापायचे, एक तेव्हा खायची, एक रात्रीला ठेवायची. दिवसभर बोलायला कुणी नाही. भागवत दिवाळीला पुण्याहून यायचा, दोन तास बसायचा आणि मुक्कामाला जुन्या जालन्यात सासुरवाडीला जायचा. एकदा कपाळ चोळत म्हणाला, "अण्णा, इथं राहिलं की डोकं फुटतं हो." सर्जेरावांनी ते वाक्य धरूनच ठेवलं. पोरानं एक रात्र घरात झोपावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

उन्हाळ्यात त्यांनी रामप्रसाद गवंड्याला घर दाखवलं. तो म्हणाला, "छत वर उचलाया गेलात तर सगळं माळवद अंगावर येईन. त्यापरीस भुई खाली घ्या. हातभर खोदा. पर भिताडाला चिटकून न्हाई, पाया उघडा पडंल. कडंनं ओट्यावानी सोडा."

मजूर कशाला, म्हणून सर्जेरावांनी स्वतःच टिकाव घेतला. रोज सकाळी दोन तास, की कंबर बोंब मारायची. आणि भुईत निघालं काय, तर थरावर थर! कौसल्याबाई दर दिवाळीला मुरूम टाकून चोपायची आणि वरून शेणानं सारवायची. तेहतीस दिवाळ्या चोपला बाईनं मुरूम. म्हणजे घर मुळात बुटकं नव्हतंच. तिनंच भुई बोटाबोटानं वर आणली, आणि स्वतः घरात वाकून चालत राहिली. "अगं, सांगायचं तरी की!" सर्जेराव मोठ्यानं म्हणाले. उत्तर कोण देणार? त्यांना रडू आलं. त्या दिवशी पुढं टिकाव चालला नाही.

बरं, ही माती टाकायची कुठं? शहाण्या माणसानं उकिरड्यावर टाकली असती. सर्जेरावांचा हात धजेना. तिच्या हातानं चोपलेली भुई, ती काय उकिरड्यावर टाकायची? पावसाळ्याच्या तोंडाला माळवदावर माती टाकायचा गावात रिवाज होताच. मंग काय, घमेल्यामागं घमेलं, शिडीनं वर. महिनाभर हेच. घ्या! खाली हातभर कमावलं आणि वर तुळई चार बोटं वाकली.

रामप्रसादनं येऊन कपाळाला हात लावला. "आवो, भुई खाली घ्या म्हन्लं होतं, छत न्हाई!" त्यानं खोलीच्या मधोमध बाभळीचा टेकू मारला आणि माती उतरवायला सांगितली. सर्जेराव हो म्हणाले. उतरवली मात्र नाही.

दिवाळीत भागवत आला. त्याची बायको संध्या बाहेर गाडीतच फोनवर बोलत राहिली. सर्जेराव कधीचे दारात उभे होते.

"ये, ये. आत आलास की वाकू नको."

भागवत सवयीनं वाकूनच आत आला, पायरी उतरला आणि हळूहळू सरळ झाला.

"लागलं का?"

"न्हाई," भागवत म्हणाला. खाली बघितलं, वर बघितलं. "अण्णा, हे कुणी केलं?"

"मीच. दोघांच्या गाद्या घालून ठेवल्यात. आज राहता ना?"

 भागवतची नजर टेकूवर.

"टेकूला भिऊ नको," सर्जेराव घाईनं म्हणाले. "उद्याच माती उतरवतो वरची. जल्दी होतंय ते काम."

"टेकूचं न्हाई हो, अण्णा." भागवत कडेच्या ओट्यावर बसला. "डोक्याचं पण नव्हतं. तवा आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेल्तो मी. माय न्हाई ना, मला इथं झोपच येत न्हाई. जिवाला कसंतरी होतं."

 सगळा उन्हाळा सर्जेरावांनी तुळईला दोष दिला होता.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "निघा मंग उजेडी. रस्ता खराब हाय."

गाडी वळणाआड होईपर्यंत ते हात हलवत राहिले. मग आत येऊन पोरासाठी घातलेल्या गादीवर बसले.

"मला तरी कुठं येती रं झोप?" ते म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं.