टेबलाखालचा आवाज

माझं इंग्रजी बेताचंच. वाचता येतं, लिहिता येतं, पण बोलायची वेळ आली की मी पाण्याचा घोट घेते, रुमाल शोधते, समोरच्यालाच आधी बोलू देते. म्हसळ्याकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली मी. आमच्या शाळेत इंग्रजीचा तास म्हणजे गुरुजींनी फळ्यावर लिहायचं आणि आम्ही मान खाली घालून उतरवायचं. पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली, श्रीवर्धनच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या कोळीवाड्यातली दोन शिक्षकांची शाळा मिळाली आणि लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात पडलं.

त्यामुळे गावकऱ्यांच्या वर्गणीतून शाळेला टीव्ही आला तेव्हा मुलांपेक्षा मीच जास्त खूश झाले. मी इंग्रजी कार्टून लावायला लागले. एका बदकाच्या कुटुंबाच्या छोट्या गोष्टी होत्या: पाऊस आला, छत्री हरवली, आजोबा बदक चिखलात घसरले. मुलं खिदळायची आणि मी मागच्या बाकावर बसून ओठातल्या ओठात उच्चार घोटायचे. शिकवायचं नाव आणि शिकत होते मीच. पण मुलंही शिकत होती, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नव्हती.

मग मला एक खेळ सुचला. टीव्हीचा आवाज बंद करायचा, एका मुलाने टीव्हीशेजारी कपाटाला टेकून उभं राहायचं आणि बदकांचं बोलणं आपल्या तोंडाने बोलायचं. बहुतेकांची गाडी 'हॅलो, हॅलो' करत तिथेच अडायची. पहिलीतल्या एका मुलीची मात्र अडत नसे. तिचा बाप बोटीवर जायचा आणि आई किनाऱ्यावर बोंबील वाळवायची. घरी पुस्तकाचा पत्ता नाही, आणि पोरगी एकदा ऐकलेलं हेलासकट बोलून दाखवायची. एकदा पडद्यावरचं पिल्लू पाण्यात अडकून रडत होतं. ही पटकन बोलली, "डोन्ट क्राय. माय डॅडी हॅज अ बोट." हे वाक्य कार्टूनमध्ये नव्हतं आणि मीही शिकवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला, सहा वर्षांच्या पोरीचा.

तिचे वरचे पुढचे दात किडून काळे झाले होते. दुधाचेच दात, वर्षभरात पडणारे. वर्गात ते माझ्या कधी लक्षातही आले नव्हते.

त्याच सुमारास एका इंग्रजी शाळेची गाडी आमच्या गावात यायला लागली. टाय लावलेली तीन मुलं रोज आमच्या फाटकासमोरून त्या गाडीत चढायची. पटसंख्या आधीच काठावर आलेली. आणखी चार मुलं गेली तर एक शिक्षक कमी होणार, आणि तो मीच असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ठरवलं की आमची मुलं इंग्रजी बोलतात याचा एक छानसा व्हिडिओ करायचा आणि गावच्या ग्रुपवर टाकायचा.

पहिल्यांदा मी त्या छोटीलाच उभं केलं. केस विंचरले, पावडर लावली, मोबाईल समोर धरला. ती बोलायला लागली आणि पडद्यावर मला आधी दिसले ते दात. मोबाईलमध्ये ते जास्तच काळे वाटत होते. मी थांबवलं. म्हटलं, "तोंड जरा कमी उघड गं." तिने प्रयत्न केला. ओठ मिटत मिटत बोलली तर शब्द पुटपुटल्यासारखे यायला लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग मी तिसरीतल्या एका मुलीला बोलावलं. शाळा समितीच्या अध्यक्षीणबाईंची लेक. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, लाल रिबिनीच्या दोन वेण्या. मुलगी गुणी होती, पण 'गुड मॉर्निंग'च्या पुढे तिची मजल नव्हती. तिला खुर्चीवर बसवलं आणि छोटीला तिच्यासमोरच्या टेबलाखाली. "टीव्हीजवळ बोलतेस ना, तसंच इथून बोल," मी म्हटलं. ती निमूटपणे आत गेली, गुडघे पोटाशी घेऊन बसली. खुर्चीवरची ओठ हलवत होती, खालची बोलत होती. तिसऱ्या खेपेला अगदी बेमालूम जमलं. मी दोघींना एकेक गोळी दिली.

व्हिडिओ असा काही चालला की विचारू नका! मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी अंगठे पाठवले, फुलं पाठवली. दोन पालक पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करून गेले. अध्यक्षीणबाईंनी घरी बोलावून पोहे खिलवले. मी ते खाल्ले, दुसऱ्यांदाही घेतले.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत छोटीची आई शाळेत आली. कामावरून तशीच आली होती, हातांना माशांचा वास होता म्हणून ती ते पदराआड धरत होती. शेजारणीच्या फोनवर तिने व्हिडिओ पाहिला होता.

"बाई, त्यातला आवाज आमचे पोरीचा हाय ना?"

"हो," मी म्हटलं. एवढं तरी खरं बोलले.

"मंग ती कशी दिसत न्हाय?"

"उजेड कमी होता हो ताई. आणि ती उंचीला लहान, नीट येत नव्हती कॅमेऱ्यात."

तिने मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती: पटसंख्या, शाळा टिकली पाहिजे, हे सगळं तुमच्याच मुलांसाठी चाललंय. ती उत्तरं मी चार दिवस मनात घोकून ठेवली होती. पण तिला भांडायचंच नव्हतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "दातांमुळं व्हय? श्रीवर्धनला डाक्टर हाय. काढून आनू का ते? मंग घ्याल तिला?"

"अहो, नको नको," मी घाईने म्हटलं, "दुधाचेच आहेत. आपोआप पडतील."

ती बरं म्हणून निघून गेली. ती फाटकाबाहेर गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय बोलले. दातांचं काही नाही, पोर आहे तशी छान आहे, चूक माझी झाली, असं काहीच मी म्हटलं नव्हतं. पडतील म्हणाले. म्हणजे तोवर थांबा.

ती रात्र मी तळमळत काढली. ज्या इंग्रजीपायी मी स्वतः आयुष्यभर चारचौघांत मागे मागे राहिले, तेच इंग्रजी अस्खलित बोलणाऱ्या पोरीला मी टेबलाखाली घातलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या ठरवलं की आजच दुसरा व्हिडिओ करायचा, तिचाच, आणि त्याच ग्रुपवर टाकून कबूल करायचं की पहिल्यातला आवाजही हिचाच होता.

मुलं प्रार्थनेनंतर वर्गात बसली तशी मी तिला ओसरीवर घेऊन गेले. ऊन छान होतं. "तुझा एकटीचा व्हिडिओ काढायचाय," मी म्हटलं, "मोठ्याने, मोकळं बोल. तुला हवं ते बोल."

ती उभी राहिली. मी मोबाईल वर धरला. तिचा हात उठला आणि तोंडावर गेला.

"हात काढ बाळा."

तिने हात काढला, पण तोंड उघडेना. मी तिला जवळ घेतलं. गोंजारलं, बदकाचा आवाज काढून दाखवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं स्वतः बोलले, तिने दुरुस्त करावीत म्हणून. तेव्हा ती मलाच समजवावं तशी, अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "बाई, पडल्यावर काढू ना. आई बोलली, बाई सांगतात आपोआप पडतील."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. माझा शब्द तिने खरा मानला होता, इतकंच. तेव्हाच तिच्यासमोर बसून मी तो शब्द मागे घ्यायला हवा होता. पण समजा आता हिचा व्हिडिओ टाकला तर त्या दोन पालकांना काय वाटेल, अध्यक्षीणबाई काय म्हणतील, हे सगळं माझ्या मनात भराभर येऊन गेलं. मी मोबाईल खाली घेतला.

"चालेल," मी म्हटलं.

ती पळत वर्गात गेली. आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, हायसं वाटलं.