तिवराच्या काडीवरचं मीठ

दाजींच्या टीव्हीवर गांधीलमाशी बसलेली दिसली म्हणून मी चप्पल काढली. जवळ गेलो तर ती काचेसारख्या एका लखलखीत ठोकळ्याच्या आत होती, पंखसुद्धा न दुमडता.

"मार की," दाजी म्हणाले आणि ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. ताईला रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात दिली होती. दाजी धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. आमचा पेणला गणपतीचा कारखाना, वडिलांच्या मागे तो मीच बघायचो. प्लॅस्टर कालवणं, साचे भरणं यात पेणमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. तेव्हा कोणी मला ते विचारलं नव्हतं, पण मी सांगायचो.

"हे रेझिन," दाजींनी ठोकळा माझ्या हातात दिला. "त्यात हार्डनर घालायचा, ढवळायचं, साच्यात ओतायचं. घट्ट झालं की आतल्या वस्तूला हवा लागत नाय का पानी लागत नाय."

पाणी लागत नाही म्हटल्यावर मी ताडकन उभा राहिलो. आईची काडी!

आई खाडीकाठची, मिठागरवाल्यांची मुलगी. तिच्या वडिलांनी एकदा मिठाच्या वाफ्यात खाडीतल्या तिवराच्या झाडाची वीतभर काडी खोचून ठेवली होती. उन्हाने पाणी आटत गेलं तसे काडीवर मिठाचे चौकोनी खडे धरले, एकावर एक, चकचकीत. पुढे बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं आणि ते मिठागर कायमचं गेलं. आजोबाही गेले. राहिली ही काडी. ओल लागू नये म्हणून आई ती राखेने भरलेल्या डब्यात ठेवायची, तरी दर पावसाळ्यात मीठ पाझरायचंच. श्रावणात ती डबा उघडून काडीला जिभेचं टोक लावायची, मिठाला सुटलेला घाम पुसायची आणि पुन्हा राखेत ठेवायची. वीतभर काडीचा निम्मा भाग आता उघडा पडला होता. अजून दोन-तीन पावसाळे, मग नुसतं लाकूड.

मी दाजींच्या मागे हात धुऊन लागलो. पंधरा दिवसांत त्यांनी ओळखीच्या माणसाकडून मुंबईहून दोन डबे मागवले, एक रेझिनचा, एक हार्डनरचा. देताना बजावलं, "वजन करून घे. दोनाला एक. थोडं थोडं कालव."

"दाजी, आम्ही पोत्याने प्लॅस्टर कालवतो. आमचे हात म्हणजेच तराजू."

"व्हय, व्हय," दाजी म्हणाले. त्यांचा तो "व्हय, व्हय" मला तेव्हाच झोंबला होता.

घरी येऊन आईला सांगितलं, तशी ती पोरीसारखी हरखली. डबा उघडून तिने काडी तळहातावर घेतली आणि कारखान्यात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. मी तोऱ्यात अर्धं रेझिन प्लॅस्टिकच्या एका मोठ्या मगात ओतलं, हार्डनर अंदाजाने, वर लवकर धरावं म्हणून आणखी एक धार. प्लॅस्टरच्या पाण्यात घाई असली की आम्ही चिमूटभर मीठ टाकतो, तशातली ही गत. ढवळायला लागलो. थोड्या वेळाने तो मग हाताला कोमट लागला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण प्लॅस्टर तापलं की समजायचं, धरलं!

"आई, तापतंय! धरतंय बघ! दे काडी!"

तिने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. "अरे, धूर येतंय."

मगातून खरोखर धूर येत होता. तो मग इतका भाजायला लागला की मी तो अंगणात भिरकावला. तिथे तो मऊ पडून वाकडा झाला, आतलं रेझिन पिवळं पडलं आणि ताडताड तडकलं. वास असा, की रंगकाम करणारे सगळे कारागीर बाहेर आले. मी मागे बघितलं तर आईने काडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती तशीच घरात गेली आणि काडी पुन्हा राखेच्या डब्यात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणखी एका क्षणात ती काडी त्या मगात गेली असती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने रोह्याला. दाजी हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, "प्लॅस्टर धरल्यावर तापून गप बसतं. हे जास्त एकत्र असलं का स्वतःच्याच गरमीनं आणखी तापतं. पातळ थर दे. आन् हार्डनर वाढवून घाई नको, मापाबाहेरचा तो चिकटच र्‍हातो."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं, मान खाली घालून. ती एकदम म्हणाली, "मग हे आमच्यासारखंच हाय की! वाफ्यात जास्त पानी घेतलं का मीठ धरत नाय. बोटभर घ्यायचं, वाट बघायची, मग दुसरं. काल बोलला असतास तर मीच सांगितलं असतं."

आणि तिने स्वतःच काडी पुन्हा बाहेर काढली. मला वाटलं होतं, आता ती कधीच देणार नाही.

सोनाराकडून छोटा तराजू मागून आणला. साबणाची प्लॅस्टिकची लांबट डबी घेतली, आतून मेण चोळलं. काडी दोन दिवस कडक उन्हात वाळवली. आई तिच्यापाशी कावळ्यांना हाकलत बसली होती, जसे काही तिथे पापडच वाळत होते. मग मी वजन केलं. दोनाला एक, काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाही. ढवळणं सावकाश, कडा खरवडून. पहिला थर अर्ध्या बोटाचा. मी बोट लावून बघायला गेलो की आई हातावर चापट मारायची, "र्‍हाऊ दे!" थर चिकट झाल्यावर काडी तिनेच ठेवली. वरून दुसरा थर, मग वाट बघून तिसरा. दोन बुडबुडे मी सुईने फोडले, एक निसटला आणि आतच राहिला.

तीन दिवसांनी डबी उलटी करून ठोकली आणि ठोकळा हातात पडला. पॉलिश पेपरने घासला, उन्हाला धरला. काय सांगू! प्रत्येक खडा, प्रत्येक कोपरा लखलखत होता. मी ओरडतच आईकडे धावलो.

तिने ठोकळा उलटसुलट बघितला आणि सवयीने जिभेचं टोक लावलं. एकदा, पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने.

"खारट लागत नाय," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला. एवढं करून मी तिच्या बापाचं मीठच तिच्यापासून तोडलं, असं वाटलं. पण आई हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, पाझरलं असतं तर खारट लागलं असतं. आतलं भायेर येत नाय, म्हंजी भायेरचं पानी बी आत जात नाय!"

त्या पावसाळ्यात आईने राखेचा डबा अंगणात रिकामा केला, घासूनपुसून वाळवला आणि त्यात पापड भरून ठेवले.