पाखरांचा वाटा

माझ्या सासूबाईंना, सोनूबाईंना, मी आत्या म्हणते. आमचं दोघींचं पटतं, असं सांगितलं की माहेरी कुणी विश्वास ठेवत नाही. कधी कधी माझाही बसत नाही.

शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमचं शेत. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं, तेव्हा आत्यांनी आधी डॉक्टरांचीच अक्कल काढली. "जलमभर चालतच आले, अन् ह्यो शहाणा मला चालायला शिकवून राह्यला!" पण एका हिवाळ्यात काठानं जाताना त्यांना चक्रवाकाची जोडी दिसली आणि गुडघ्यांचं गाऱ्हाणं मागं पडलं. भगव्या अंगाची, बदकापेक्षा थोराड पाखरं. थंडीत येतात, ऊन तापायला लागलं की जातात. आत्या त्यांना पाव्हणे म्हणतात. पाव्हणे आले की आत्या मला सकाळीच उठवून काठावर नेतात, आणि मी नुसती खोकले तरी डोळे वटारतात. घरात भांडी आदळणारी ही बाई वाळूत चवड्यांवर चालते, हे बघायला तरी मी जातेच.

यंदा गव्हाची पेरणी झाली आणि थोडं बी उरलं. पेरून उरलेलं बी घरात परत न्यायचं नाही, तो पाखरांचा वाटा, ही आत्यांच्या सासूपासूनची रीत. दिवस मावळला तेव्हा आत्या बियाची पिशवी घेऊन गेल्या आणि पाव्हणे जिथं उतरतात तिथंच बी पसरून आल्या. मग मोठ्या समाधानानं भाकरी थापायला बसल्या. तेवढ्यात मामा, म्हणजे माझे सासरे भुजंगराव, रिकामी पिशवी हातात घेऊन आत आले.

"यातलं बी कुठंय?"

"पाखरायला टाकलं. दरसाल टाकते तसं."

"अगं, औंदा औषध चोळेल व्हतं त्याला, वाळवीसाठी! जहर हाय ते!"

तव्यावरची भाकरी करपली, तरी आत्यांचा हात हलेना. अंधारात दाणे दिसणार नव्हते. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

उजाडता उजाडता आम्ही तिघं काठावर पोचलो. पाव्हणे होते. बी टाकलं होतं त्याच्या अगदी जवळ, वाळूवर पडलेले. चोची पंखात खुपसलेल्या, हालचाल काही नाही. आत्या मटकन खाली बसल्या.

"वंदे, तू जा. मला बघवत न्हाई."

मी काही धीट बाई नाही. तरी पुढं गेले. टाळी वाजवली. काही नाही. मग एक ढेकूळ उचलून पाण्यात फेकलं. एकानं मान वर काढली, माझ्याकडं बघितलं आणि तो मोठ्यानं ओरडला. दुसराही उठला आणि दोघं उडाले. दाणे मातीवर तसेच पडलेले होते, औषधानं गुलाबी झालेले. मला हसू आलं आणि रडूही. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

"झोपले व्हते, आत्या! नुसते झोपले व्हते!"

पाखरं घिरटी घालून पुन्हा तिथंच उतरायला लागली. तशा आत्या पदर खोचून उठल्या. "हुर्र्या! जा, मुडद्यांनो! न्हाई बसायचं इथं!" मामा आणि मी हाताला पिशव्या बांधून दाणे मातीसकट घमेल्यात भरत होतो, आणि आत्या ज्वारी राखल्यासारख्या ढेकळं भिरकावत काठभर पळत होत्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तोंडानं शिव्या चाललेल्या.

"आता बस की जरा," मामा म्हणाले.

"बसते कशी? तिथं एक दाणा दिसून राह्यला. उचला जल्दी!"

शेवटचा दाणा निघेपर्यंत त्यांनी एकाही पाखराला खाली टेकू दिलं नाही. मामांनी ती सगळी माती नदीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गेलो. पाव्हणे काठावर होते. पण आम्हाला लांबून बघताच ओरडत उठले आणि थेट पलीकडच्या तीराला जाऊन बसले. इतके दिवस आम्हाला इतकं जवळ येऊ देणारी पाखरं ती. मला वाईट वाटलं.

"आत्या, रुसले तुमचे पाव्हणे."

आत्या वाळूवर फतकल मारून बसल्या आणि पलीकडं बघत राहिल्या.

"रुसू दे," त्या म्हणाल्या. "जित्ते हाईत म्हणून रुसले."