तळ्यावरची नऊ पोरं

तीस वर्षांच्या बातमीदारीत जे कळलं ते मी छापत आलो, धमक्या आल्या तरी. पण देशमुख आणि मी दर रविवारी आदिलाबादच्या नऊ पोरांना पक्षी दाखवायला नेतो, तिथले किस्से असे साचलेत की छापायची छाती होत नाही. एकही आई पुन्हा पोर पाठवणार नाही.

*

देशमुख बँकेत आहे आणि पक्ष्यांचा जाणकार आहे. पहिल्याच रविवारी त्यानं तळ्याकाठी धोबी पक्ष्याच्या पोटजातींवर पाऊण तास भाषण ठोकलं. धोबी केव्हाच उडून गेला होता. शेवटी एका पोरानं हात वर केला.

"काका, याच्यावर परीक्षा आहे काय?"

तेव्हापासून देशमुखला भाषणबंदी आहे.

*

मग पैनगंगेपलीकडून वाघ आल्याची बोलवा उठली. तळ्यापासून दोन कोसांवर एक वासरू गेलं. बातमी मीच दिली. शनिवारी संध्याकाळी शेवंतीचे वडील दारात उभे. शेवंती सातवीत आहे, नऊ जणांत सगळ्यात शांत.

"सर, पक्षी नाही दिसला तरी चालते. पोरगी तेवढी घरी आणून द्या."

मी हो म्हणालो.

*

म्हणून रविवारी सकाळी आधी वनरक्षकाला गाठलं. "तळ्याकडे वाघ आहे की नाही, सरळ सांगा."

"नाही साहेब. लिहून देतो."

"मग आज हातात काठी काऊन?"

"कुत्र्यांसाठी."

"आणि कालपर्यंत एकटे जायचे, आज तिघं निघालात ते?"

"कुत्रे लई आहेत साहेब."

मी भरपूर भांडलो. तो 'नाही'वरून हलला नाही, आणि आम्ही त्या 'नाही'वर विसंबून निघालो.

*

बांधावरून जाताना कपाशीत सळसळ झाली. देशमुख दोन्ही हात पसरून पोरांच्या पुढे उभा राहिला. कपाशीतून एक तित्तर निघाला, तुरुतुरु बांध ओलांडून गेला. देशमुख दोन महिने त्याच्याच मागावर होता.

"काका, तित्तर गेला," एक पोरगा म्हणाला. "तुमी डोळे मिटून राह्यले होते."

*

त्याच सकाळी तळ्यावर नऊ पोरं अर्धा तास गप्प बसली. आमचा नियमच तसा आहे. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, दिसेल ते वहीत लिहायचं. पोरांना हा खेळ भाषणापेक्षा फार आवडतो. परतीच्या ऑटोत मी डोकी मोजली, नऊ भरली. मग वह्या चाळायला घेतल्या. बगळा, खंड्या, पुन्हा बगळा.

शेवंतीच्या वहीत शेवटची नोंद होती:

'जागा: पलीकडची बाभूळ, खाली. रंग: पिवळा, काळे पट्टे. शेपूट: लांब. काय करत होता: आमच्याकडे पाहत होता. संख्या: एक मोठा, दोन लहान.'

वही देशमुखच्या हातात दिली. त्यानं वाचली, मिटली आणि ऑटोवाल्याला म्हणाला, "जरा जोरात घे."

मी कसंबसं विचारलं, "शेवंती, तेव्हाच सांगितलं काऊन नाही?"

"सर, तुमीच म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "बोललं की उडून जाते."