बिनवायरीचा गीझर

जगातल्या कुठल्याही वस्तूचा बरोबर भाव अजून कुणालाच सापडलेला नाही आणि तो सापडेपर्यंत खिशात हात घालणं हा मूर्खपणा आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो मस्कतमध्ये, वादी कबीरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांना लागून असलेल्या एका खोलीत राहायचा. सगळी बिल्डिंग त्यांना मामू म्हणायची. खरं तर ते माझ्या अम्मीच्या गावचे, दापोलीकडचे, म्हणजे मामू फक्त आमचे. पण परमुलखात नाती कुणी इतकी जपून वापरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे पुण्याचे इंजिनिअरसाहेब अम्मीपेक्षाही वयाने मोठे, तेही त्यांना मामूच म्हणायचे आणि कोटेशन आलं की ते हातात घेऊन गच्चीवर जायचे.

कारण कोटेशन तपासावं तर मामूंनी. एसीचा कॉम्प्रेसर असो, गाडीचा बंपर असो, खिडकीची जाळी असो, मामू कागद डोळ्यांपासून लांब धरायचे आणि आकडा वाचायच्या आधीच म्हणायचे, "महाग आहे." मग आकडा वाचायचे आणि म्हणायचे, "फारच महाग आहे." एका कंपनीच्या गोदामात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून हयात काढली होती आणि तिथे त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता. तो मी इतक्या वेळा ऐकला आहे की कॉलेजच्या परीक्षेत आला असता तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते. कुठल्याही कोटेशनचे तीन भाग असतात: माल, मजुरी आणि तोंड. माल आणि मजुरी सगळ्यांना सारखीच पडते. तोंड म्हणजे दुकानदाराने तुमच्याकडे बघून जे वाढवलं ते.

हे सिद्ध करायला त्यांनी एकदा एकाच दुकानात एकाच पंख्याचा भाव विचारायला तीन माणसं पाठवली. आधी माझे अब्बा, जे ड्रायव्हर आहेत. मग मी, कॉलेजची बॅग खांद्याला लावून. शेवटी इंजिनिअरसाहेब, ऑफिसातून परतताना, टायसकट. तिघांना तीन भाव मिळाले. मामूंनी ते तिन्ही ऐकून समाधानाने मान हलवली आणि इंजिनिअरसाहेबांना म्हणाले, "साहेब, तुमच्या टायचे तीन रियाल." साहेब बिचारे बराच वेळ टायकडे बघत राहिले. मामू स्वतः भाव विचारायला निघाले की घड्याळ काढून ठेवत, कॉलर फाटलेला एक खास शर्ट घालत आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत जात. अम्मी म्हणायची, "लग्नालासुद्धा माणूस इतकी तयारी करत नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं असा बिल्डिंगचा समज होता, आणि मला काय काय कळत नाही ते सांगायचा धीर माझ्यात नव्हता. कोटेशनं इंग्रजीत असायची, ती वाचून दाखवायला मामू मला बोलवायचे. एकदा मी भीत भीत विचारलं, "मामू, दुकानदाराने भाव लगेच कमी केला तर?"

"तर आधी जास्त सांगितला होता. उठायचं."

"आणि कमीच नाही केला तर?"

"माजलाय. उठायचं."

"मग बरोबर भाव कुठला?"

मामूंनी विचार केला. "जो सांगितल्यावर त्याचं तोंड पडतं तो," ते म्हणाले. "पण दुकान बंद पडता कामा नये, हां. त्याचीपण पोरंबाळं असतात."

असे मामू स्वतःच्या खोलीतल्या गीझरपाशी मात्र अडले. ती हकीकत सांगायची तर आधी आमच्याकडच्या पाण्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर गावाकडच्या वाचकांना मी थट्टा करतेय असं वाटेल. मस्कतमध्ये टाक्या गच्चीवर असतात आणि मे महिना लागला की त्यांतलं पाणी चहा टाकण्याइतकं तापतं. निळ्या नळाला, म्हणजे गार पाण्याच्या नळाला, थेट टाकीतून पाणी येतं. त्याखाली हात धरवत नाही. लाल नळाला गीझरमधून येतं, आणि गीझर बाथरूममध्ये, सावलीत टांगलेला असतो. म्हणून आम्ही उन्हाळाभर गीझरचं बटण बंद ठेवतो. आत भरलेलं पाणी हळूहळू निवतं आणि लाल नळ उघडला की त्यातल्या त्यात गार पाणी मिळतं. थोडक्यात, चार-पाच महिने आमच्याकडे गीझर हे पाणी गार करायचं यंत्र असतं. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. नवीन आलेल्या माणसाला मात्र हे आधी सांगावं लागतं.

मामूंनी ते एकदा सांगितलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी इकडे यायच्या आधी, मामी पहिल्यांदा मस्कतला आल्या त्या ऐन जूनमध्ये. प्रवासाने शिणलेल्या होत्या. विश्वासाने निळा नळ उघडून त्याखाली उभ्या राहिल्या आणि खांदा भाजून घेतला. महिनाही काढला नाही त्यांनी. अम्मी त्यांची नक्कल करून सांगते: "गार नळाला जिथं गार पाणी नाही, तिथं माणसाने राहायचं कशाला?" त्यानंतर मामू वर्षातून एकदा रजेवर गावाला जायचे आणि मामी विहिरीचं गार पाणी सोडून कुठेही जायच्या नाहीत. दोन मुली वाढल्या, त्यांची लग्नं झाली, घर रिकामं झालं. मग त्या वर्षी मामींनी फोनवर सांगितलं, "येते. पण पाण्याचं बघा. या खेपेलाही तसंच निघालं तर पुन्हा म्हणू नका."

मामू ते सगळ्यांना सांगत सुटले. "राहायला येतेय," ते म्हणायचे, "फिरायला नाही." आणि त्याच महिन्यात त्यांच्या गीझरचं बूड गंजून गळायला लागलं.

अर्बाबला, म्हणजे बिल्डिंगच्या मालकाला सांगितलं. अर्बाब देवमाणूस. त्याने छातीवर हात ठेवून "इन्शाल्ला" म्हटलं. पण त्याच्या इन्शाल्लाला किती ऋतू लागतात ते आम्हांला माहीत होतं. तेव्हा गीझर स्वतःच घ्यायचा ठरलं, आणि मामू शर्ट बदलून निघाले. वादी कबीरच्या वर्कशॉपांच्या गल्लीत असं दुकान उरलं नाही जिथून ते उठले नाहीत. अल खौदला एका दुकानात स्वस्त मिळतो असं कळलं, तिथेही गेले. तिथल्या माणसाने पहिल्या शब्दालाच चार रियाल कमी केले, म्हणून उठले.

मग त्यांना आठवलं की निझवाच्या बाजारात त्यांच्याच गावच्या एका माणसाचं दुकान आहे. एका शुक्रवारी अब्बांना आणि कोटेशन वाचायला मला घेऊन ते डोंगरातून इतक्या लांब निझवाला गेले. त्या माणसाने मामूंना मिठीच मारली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, घरी नेलं, सुरमईचं कालवण आणि भात जेवू घातला, मग खजूर आणि कहवा. मामूंनी दोनदा गीझरचा विषय काढला. शेवटी तो माणूस दुखावल्यासारखा म्हणाला, "भाईजान, वहिनी पहिल्यांदा संसाराला येतायत आणि मी तुम्हांला भाव सांगू? गाडीत टाकतो, घेऊन जा."

मामूंचा चेहरा इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. पुष्कळ आग्रह झाला, पण आम्ही गीझर न घेता, हलव्याचा मोठा डबा घेऊन परतलो. वाटेत अब्बा म्हणाले, "अहो, फुकट देत होता."

"तेच तर," मामू म्हणाले. "भावच नाही, तर तो बरोबर की चूक ते ठरवू कसं?"

हलवा उत्तम होता. पण त्याने पाणी गार होत नाही.

शेवटी मामी यायच्या दोन दिवस आधी अब्बांनीच एका मलबारी प्लंबरला गच्चीवर आणलं. मला बोलावणं आलं. टाक्यांच्या सावलीत मामू, प्लंबर आणि मी उभे होतो. सावलीतही चपला पोळत होत्या.

"चाचा, एटी लीटर," प्लंबर म्हणाला. "पाइप, वॉल्व, फिटिंग, वायरिंग, पुराना निकालना, सब मिला के पैंतालीस रियाल."

"गरम करने का सामान निकाल के बोलो," मामू म्हणाले.

"क्या निकाल के?"

"रॉड, थर्मोस्टॅट, वायरिंग. मेरे को नहीं मंगता. मेरे को ठंडा पानी मंगता है."

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "चाचा," तो म्हणाला, "फिर गीझर काय को? ड्रम ले लो."

"ड्रम लटकता है क्या दीवार पे?"

"तो रॉड भी नहीं निकलता. कंपनी अंदर डाल के भेजता है. वायर नहीं जोड़ेगा, बस. फिर भी पैंतालीस."

मामूंनी कागद माझ्या हातात दिला. "तू सांग गो. कॉलेजात हेच शिकवतात ना? हा भाव बरोबर आहे का?"

मला कॉस्टिंगचा एक पेपर होता हे खरं. त्यात गीझर कुठेच नव्हता. मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, मागची बाजू कोरी होती. काहीतरी हुशारीचं बोलावं असं फार वाटत होतं, पण सुचलं ते इतकंच: "मामू, भाव बरोबर आहे की नाही, ते मला नाही सांगता येणार. पण मामी परवा येतायत आणि तुमच्याकडे नुसता निळा नळ आहे."

मामू टाकीजवळ गेले. तिला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग प्लंबरला म्हणाले, "यल्ला. लगाओ."

"कितने में?"

"तू ही बोला ना. पैंतालीस. खलास."

घासाघीस न करणारे मामू त्या प्लंबरने बहुधा स्वप्नातही पाहिले नसावेत, कारण त्यांची कीर्ती वर्कशॉपांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. तो खट्टू झाला. भिंतीला भोक पाडताना थांबून त्याने विचारलं, "चाचा, मार्केट में भाव बढ़ गया क्या? मेरे को किसी ने बताया नहीं?" पाइप बसवताना तो स्वतःशीच आकडे पुटपुटत होता. काम संपवून पैसे खिशात घालताना त्याची मुद्रा पार उतरलेली होती. आपण कमी सांगितला, याबद्दल त्याच्या मनात काही शंका उरली नव्हती.

तो जिना उतरल्यावर मी हळूच म्हटलं, "मामू, त्याचं तोंड पडलं."

मामू हसले. "मग बरोबर भाव."

गीझरची वायर त्यांनी जोडू दिलीच नाही. ती गुंडाळून तिला काळी टेप लावली, आणि चुकून कुणी दाबू नये म्हणून बटणावरही टेप लावली. बटण आणि गीझर यांचा आता काही संबंध नाही, हे मी सांगणार होते, पण राहू दिलं.

मामी आल्या. विमानतळापासून गच्चीपर्यंत मामू एकच वाक्य बोलत होते: "लाल नळ. निळा नाही, लाल." जिन्यात मामी थांबल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक आहे हो. निळ्यानेच पाठवलं होतं मला घरी." त्या अंघोळीला गेल्या. अम्मी आणि मी जेवणाचे डबे घेऊन वर गेलो होतो. मामू खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. आतून पाणी पडल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला आणि बराच वेळ येत राहिला.

मामी केस पुसत बाहेर आल्या. "गार आहे," त्या म्हणाल्या. मामूंचे खांदे खाली आले. मग मामींनी दारातूनच मागे वळून गीझरकडे पाहिलं. "केवढ्याला पडला?"

मामूंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "पस्तीस," ते म्हणाले.

"फसवलं तुम्हांला," मामी म्हणाल्या, आणि डबे उघडायला घेतले. मामूंचा हा सगळा सिद्धांत कुठून आला असावा, ते मला त्या दिवशी कळलं.

जून गेला, जुलै गेला. मामींनी गच्चीवर कढीपत्ता लावला. डिसेंबरच्या सुमारास एका सकाळी त्या अम्मीला म्हणाल्या, "लाल नळाला आता फारच गार पाणी येतं गो." तेव्हा त्याच प्लंबरला बोलवावं लागलं, वायर जोडायला. त्याने गीझर पाहिला, टेप पाहिली, मामूंना पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "पंद्रह रियाल."

"पंद्रह? दो स्क्रू का?"

मग काय विचारता! तासभर गच्चीवर नुसता गोंधळ. मामींनी दोघांनाही दोनदा चहा दिला आणि मधूनमधून आतून मामूंना आकडे पुरवले. शेवटी कितीवर तुटलं ते मला माहीत नाही. पण भांडताना इतका खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मामी राहिल्या, हे त्या वायरीने पक्कं केलं होतं.

गेल्या वर्षी मामूंची नोकरी संपली आणि दोघं गावाला परत गेली. गीझर भिंतीवरच राहिला. गच्चीवरच्या खोलीत आता दोन नवी मुलं राहतात. कोटेशन घेऊन वर जाणारं कुणी उरलं नाही. इंजिनिअरसाहेब हल्ली दुकानदार सांगेल ते देतात, टायसकट.

परवा मी मामूंना फोन केला. पाण्याचं विचारलं. "इथे काय, निळ्या नळाला गार येतं," ते म्हणाले. "विहिरीचं. फुकट." मागे मामींच्या भांड्यांचा आवाज येत होता. "भाव विचारावा असं इथे काही नाही गो," ते म्हणाले. "तिकडे एटी लीटर आता केवढ्याला बसवून देतात?"

आमच्या तिसऱ्या मजल्यावर नुकताच एक बसवला होता, त्यामुळे मला आकडा माहीत होता. मी त्यात दहा रियाल वाढवून सांगितले.

"महाग आहे!" मामू ओरडले, आणि आवाज अगदी गच्चीवरचा वाटला. "फारच महाग आहे! उठायचं!"