दोन ढेकळं एकदम

पोस्टमन एरवी थेट दारापर्यंत सायकलवर यायचा. त्या दिवशी तो वडापासूनच उतरून चालत आला, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. वासुदेवभाऊजी मुंबईत सकाळचा चहा पिता पिता गेले होते. तार घेऊन मी मळ्यात गेले. माझे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, मिरचीची रोपं लावत होते. आमचं सगळं उंद्री गाव त्यांना दादा म्हणतं, म्हणून इथे मीही तसंच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. दादांनी ऐकलं, हातातली जुडी संपेपर्यंत रोपं लावत राहिले... मग बांधावर बसून लहान मुलासारखे रडले. याला आता दोन महिने झाले. भाऊजींविषयी लिहायला बसले तर मला आधी हसू येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

वर्तमानपत्रांनी त्यांना थोर भौतिकशास्त्रज्ञ म्हटलं, ते खरंच आहे. धातूवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन कसे सुटतात, हा त्यांचा जन्माचा विषय. परदेशातले लोक त्यांना मुद्दाम बोलावून घ्यायचे. मला मात्र ते आठवतात चुलीपुढे ठेचा-भाकरी खाताना, नाहीतर मी तपासलेल्या शाळेच्या वह्या परत तपासून माझ्याच चुका काढताना. दादांनी चौथीत शाळा सोडून मळा धरला आणि धाकट्याला शिकायला पाठवलं, हे भाऊजी कधी विसरले नाहीत. "वहिनी," ते एकदा म्हणाले, "दुनियेले समजावून सांगून राह्यलो मी, पन ज्यानं मले शिकवलं त्यालेच माहीत नाही, मी करतो काय ते. हे काही बरं नाही." दर सुट्टीत ते दादांना धरून बसवायचे. दादा दोन मिनिटं ऐकायचे, "मले काय समजते बा त्यातलं," म्हणायचे आणि विहिरीवरचं इंजिन सुरू करायला निघून जायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या शाळेत त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा भला मोठा हार. भाऊजी अगदी पुस्तकी मराठीत तासभर बोलले आणि ते जिथे जिथे श्वास घ्यायला थांबले तिथे तिथे गावाने टाळ्या वाजवल्या. दादा पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून बसले होते. दहाव्या मिनिटाला ते घोरायला लागले. सरपंचांनी कोपराने ढोसलं, तर दचकून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी भाऊजी पुरणपोळी न खाता उठले. माझ्या हातची पुरणपोळी त्यांनी टाकली असं ना आधी कधी झालं होतं, ना नंतर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दादांना मळ्यातल्या कवठाखाली घेऊन गेले. मी न्याहारी घेऊन पोचले तर हुकूम सुटला होता, "दादा, त्या कवठाले ढेकूळ मार." दादांनी मारलं. काळ्या मातीचं ढेकूळ, लागलं तसं फुटलं.

"आजून मार. शंभर मार. पडते का?"

"ढेकलानं कवठ पडते का कुठं? गोटा पाहिजे."

"हाव. तेच तं माझं काम आहे."

मग भाऊजींनी सांगितलं ते मलासुद्धा पहिल्यांदाच कळलं. कवठ म्हणजे इलेक्ट्रॉन, झाड म्हणजे धातू. तांबडा प्रकाश म्हणजे ढेकळं. कितीही टाका, इलेक्ट्रॉन हलत नाही. जांभळा प्रकाश म्हणजे गोटे. एक बसला तरी पुरे. दादा वर बघत उभे राहिले, इंजिनाकडे गेले नाहीत. "पन वासू," ते म्हणाले, "दोन ढेकलं एकाच टायमाले, एकाच जागी बसली तं?" भाऊजी हसले. तसं होत नाही म्हणाले. "काऊन होत नाही?" दादांनी विचारलं आणि खाली वाकून ढेकूळ उचललं. पुढचा अर्धा तास मी एक-दोन-तीन म्हणत होते आणि दोघे भाऊ नेम धरत होते. एक ढेकूळ माझ्या डोक्यावर फुटलं. चिखलीच्या सत्काराला न्यायला आलेली जीप बांधाशी भोंगा वाजवत होती, आणि तिच्यातून आलेले साहेब तोंड उघडं टाकून बघत होते. कवठ काही पडलं नाही. "पाह्य, म्हटलं होतं ना," असं म्हणत भाऊजी केसांत माती घेऊन जीपमध्ये बसले.

चार-पाच वर्षांनी त्यांचं पत्र आलं. एरवी मला कार्ड यायचं. हे पाकीट होतं आणि वर दादांचं नाव होतं. लेसर नावाचा नवा दिवा निघाला होता, त्याचा किरण फार दाट. "आमच्या प्रयोगशाळेत तांबड्या प्रकाशानं इलेक्ट्रॉन सुटला. दोन ढेकलं एकदम बसली, दादा. असं होऊ शकते हे कोणीतरी फार आधी कागदावर मांडलं होतं, मी वाचलंही होतं, पन मले ते खरं वाटलं नाही. तुहं बरोबर होतं." दादांनी पत्र तीनदा वाचायला लावलं, "मंग, मी काय सांगून राह्यलो होतो," म्हणाले आणि इंजिनाकडे गेले. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. भाऊजी मात्र दर खेपेला मला बाजूला घेऊन विचारायचे, "वहिनी, त्याले खरंच समजलं का? का माझं मन राखून राह्यला?" थेट दादांना विचारायचा धीर त्यांना शेवटपर्यंत झाला नाही.

तेरवीनंतर चिखलीहून एक तरुण प्राध्यापक भेटायला आले. भाऊजींचं काम घरच्यांना कसं दिसायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार, तोच दादांनी हाताने मला थांबवलं आणि स्वतः सांगायला लागले. प्रकाश, रंग, धातू, कुठला रंग कुठवर पोचतो, सगळं ओळीने. ना कवठ, ना ढेकूळ. प्राध्यापकांनी मध्येच नम्रपणे शंका काढली, की तांबड्या प्रकाशाने कितीही केलं तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, असंच ना... मला तिथे उभं राहवेना. हे ऐकायला भाऊजी हवे होते, एवढंच मनात येत होतं. पदराने डोळे टिपत मी आत आले, आणि मागून दादांचा आवाज आला, "नाही सर, तिथंच चुकून राह्यले तुमी. आमचं दोघा भावायचं म्हननं असं हाय..."