तकूब सायबाच्या ओढ्यापर्यंत

यंदा भाऊबीजेला पासलीला जायचं, हे मी आठवडाभरात तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. जिच्याकडे जायचं ती माझी थोरली बहीण, आक्का, श्रावणातच गेली. मग जायचं तरी कुणाकडे? पण दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बाजाराला आलेल्या माणसाबरोबर एक कागद धाडला आणि वर निरोप, "कचेरीचा कागद हाय. तुमी कारकून मानूस. येऊन वाचून सांगा."

कागद मी किकवीत घरच्या ओट्यावरच वाचला. वेल्ह्याहून पासलीला जाताना वाटेत एक ओढा लागतो. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की पलीकडची सगळी वस्ती अडकते. त्यावर एक लहानसा साकव, दगडी पूल म्हणा, बांधून द्या असं गाव कित्येक वर्षं मागतंय. कचेरीने कळवलं होतं की पूर्वीचा अंदाज एकवीसशे रुपयांचा, आताचा एकसष्टशेचा. खर्च तिपटीवर गेल्याने काम परवडणारे नाही. गावाचे काही म्हणणे असल्यास महिनाभरात लेखी द्यावे, नपेक्षा प्रकरण कायमचे बंद. तो एकवीसशेचा अंदाज वीस वर्षांपूर्वी, त्याच कचेरीत नोकरीला असताना, मीच केला होता.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल तर सांगून ठेवतो, पहिला टप्पा सोपा आहे. किकवीहून नसरापूर फाट्यापर्यंत सर्व्हिस मोटार मिळते. लढाई संपून वर्ष झालं तरी पेट्रोल काही मिळत नाही, म्हणून गाडी अजून कोळशाच्या ग्यासवर चालते. चढ आला की ती दम टाकते, मग ड्रायव्हर उतारूंना खाली उतरवतो. लढाईआधी दोन आणे भाडं होतं, आता सहा आणे देऊन वर ढकलायचं! शेजारचा एक शेतकरी म्हणाला, "पैसं आमीच द्यायचं न् गाडी बी आमीच वढायची, व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि आक्का गेल्यानंतर आपण पहिल्यांदा हसलो हे लक्षात येऊन मलाच कसंसं झालं.

नसरापूरला चहा घेतला. गूळ घालतात, साखरेचं नाव काढायचं नाही. तिथून पालीच्या शंकरनानांची बैलगाडी मिळाली. ते गोणी पोचवून रिकामे परत निघाले होते. गुंजवणीच्या कडेकडेने रस्ता जातो. दोन्ही अंगांना भातं कापून पडलेली, ओल्या पेंढ्याचा वास, आणि समोर राजगड. या दिवसांत ही वाट फार देखणी दिसते. मला मात्र ती धड बघवत नव्हती. याच वाटेने आक्का दरवर्षी भाऊबीजेला आमच्याकडे यायची, मांडीवर तांदळाचं गाठोडं धरून.

शंकरनाना बोलके निघाले. चाकाची लोखंडी धाव नुकतीच बदलली होती. म्हणाले, "आदी आट रुपयात बसायची, आता चोवीस घेतलं. लोक म्हनत्यात, लई महाग झालं. म्या म्हनतो, माजं भाडं बी तिप्पट झालंच की. धाव तेवडीच, वाट बी तेवडीच. महाग काय झालं मंग?"

मी कारकुनी हुशारीने म्हटलं, "नाना, आकडा तर वाढला ना?"

"आकडा वाडंना का. आकडा काय बैल खात न्हाईत."

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं. मुक्काम पालीला त्यांच्याच घरी केला. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. पैसे विचारले तर त्यांच्या कारभारणीने अशी नजर रोखली की मुकाट्याने पाकीट आत ठेवलं. पहाटे उठून वेल्ह्याकडे चालत निघालो. तोरणा डाव्या हाताला धुक्यात होता. वेल्ह्यात पाणी भरून घ्या, पुढे चढ आहे आणि सावली कमी आहे.

दुपारी ओढ्यावर पोचलो. घोट्याएवढं पाणी! लंगडत गेला तरी माणूस वीस पावलांत पलीकडे जाईल. श्रावणात मात्र इथेच आक्काला झोळीत घालून आणलं होतं. ताप छातीत उतरला होता, वेल्ह्याला डॉक्टर येणार होता. ओढा दुथडी भरून वाहत होता. सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत चौघं जण तिच्यावर इरली धरून या पाण्याकडे बघत बसले. पाणी उतरायच्या आधी ती गेली. मला कळलं ते चौथ्या दिवशी, आणि तेव्हाही ओढा भरलेला असल्याने मला पलीकडे जाता आलं नाही.

दाजी ओढ्याशी येऊन उभेच होते. हाडं आणि मुंडासं, एवढेच उरलेत. "या, पाव्हनं," म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

घरी ओसरीवर बसून मी कागद वाचून दाखवला. एकवीसशे, एकसष्टशे, तिप्पट. दाजींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये रुपयाचं मला काय समजत न्हाई. तांदूळ सांगा."

"तांदूळ?"

"तवा ह्यो साकव किती मन तांदळाचा हुता, न् आता किती मनाचा?"

तीस वर्षं मी अंदाजपत्रकं केली हो! खडी, चुना, मजुरी, सगळ्याचे दर पाठ. पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. पेन्सिल काढली. तेव्हा तांदूळ सात रुपये मण होता. एकवीसशे म्हणजे तीनशे मण. आता? रेशनचा भाव सोडा, माणसाला खरोखर मिळतो तो भाव वीस रुपये. एकसष्टशे म्हणजे तीनशे पाच मण.

मी पुन्हा भागाकार केला. मग मजुरीने मोजून पाहिलं. तेव्हा गड्याला दिवसाचे सहा आणे, आता अठरा. तेव्हा साकवाला छप्पनशे दिवसांची मजुरी लागली असती, आता चौपन्नशेच्या आसपास. म्हणजे उलट थोडा स्वस्तच. मधल्या मंदीत भाव उतरले तेव्हा तांदूळही उतरला होता, मजुरीही उतरली होती. साकव तेव्हाही तीनशे मणांच्या आसपासच असणार.

"म्हंजी तेवडाच?" दाजी म्हणाले.

"तेवढाच."

"मंग ईस वरसं थांबलो कशापायी?"

याचं उत्तर त्या ओसरीवर एकट्या मला ठाऊक होतं. मागच्या, म्हणजे चौदा सालच्या लढाईनंतर भाव चढलेले होते. साहेबांनी फाईल माझ्याकडे टाकली, "काय करावं?" आणि मी माझ्या वळणदार अक्षरात शेरा मारला होता: "तूर्त दर चढे आहेत. उतरल्यावर विचार व्हावा. तोवर तहकूब." साहेबांनी खाली सही केली. काटकसरी कारकून म्हणून माझी पाठ थोपटली गेली. मला काय आनंद झाला होता त्या दिवशी!

गावाला तो शब्द कुणी समजावून सांगितला नाही. 'तहकूब' म्हणजे पुढे ढकललं, हे इथे कुणाला माहीत? वेल्ह्याला चौकशीला गेलेला माणूस "साकव तकूबकडं हाय" एवढंच ऐकून आला. मग तकूब हा कुणी साहेब झाला. तकूब सायेब येणार, तकूब सायेब बघून जाणार. ओढ्याचं नावसुद्धा तकूब सायबाचा वढा पडलं.

हे मला माहीत होतं. हेच तर सांगायचं आहे. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर आक्काने मला विचारलं होतं, "सदा, तू कचेरीत अस्तोस. त्यो तकूब सायेब कसा मानूस हाय रं?" मला हसू आवरेना. म्हटलं, "चांगला आहे, जरा सुस्त आहे." तीही हसली. घरी येऊन ही गंमत मी बायकोला सांगितली, कचेरीत चारचौघांना सांगितली. आक्काला मात्र खरं सांगितलं नाही.

आता दाजींना सांगितलं. शब्दाचा अर्थ सांगितला, आणि तो शब्द लिहिणारा हातही पुढे केला. "दाजी, तकूब साहेब म्हणजे मीच."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "ती गावात सांगायची, माजा भाऊ हाय कचेरीत, त्यो तकूब सायबाच्या कानावर घालंल. कुनी काय बोललं तर भांडायची. तिला तरी सांगाया पायजे हुतं, पाव्हनं."

मी ढसाढसा रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लाज वाटली नाही.

निघताना दाजींनी दोन वस्तू दिल्या. एक तांदळाचं गाठोडं, दरवर्षीएवढंच. मी नको नको म्हणत होतो. "माजं न्हाई त्ये. तिनं लावनीच्या वक्ताला बाजूला काडून ठिवलंवतं," म्हणाले. दुसरा एक घडी घातलेला अर्ज. ज्येष्ठात गावातल्या एका लिहित्या माणसाकडून आक्काने तो लिहून घेतला होता, भाऊबीजेला माझ्या हातात द्यायला. खाली सगळ्या वस्तीचे अंगठे होते आणि पहिला अंगठा तिचा.

परतीची वाट तीच होती, सांगण्यासारखं काही घडलं नाही. तुम्ही जाल तर दिवाळीनंतर जा, वाट कोरडी असते आणि एकूण चार-पाच रुपयांत भागतं. पावसाळ्यात मात्र जाऊ नका.

घरी आल्यावर दोन दिवस बसून मी कचेरीला उत्तर लिहिलं. तांदळात, मजुरीत, दोन्हीकडून हिशेब मांडला. थांबल्याने झालेली बचत, असा शेवटी एक रकाना केला आणि त्यात लिहिलं, "काही नाही". तसा रकाना अंदाजपत्रकात नसतो, पण मी केला. दाजींनी गावाच्या वतीने अंगठा उठवून पाठवला आणि उत्तर मुदतीत गेलं. कचेरी काय करील ते मला सांगता येत नाही. तिथे आता दुसरा कारकून आहे, त्याचंही अक्षर चांगलं आहे म्हणतात.

सोबत जोडायचा म्हणून गावाचा अर्जही काढला होता. वर मायना होता, 'मेहेरबान तकूब सायेब यांसी'. कचेरीत असा कुणी साहेब नाही. नाव खोडून योग्य हुद्दा घालावा म्हणून मी टाक उचलला, आणि मग खाली आक्काच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. तेव्हा त्याची नवी नक्कल केली आणि ती धाडली. मूळ अर्ज माझ्याकडेच ठेवला आहे. तो ज्याच्या नावाचा होता, त्याला पोचला.